तळहातावरचा चक्रव्यूह

दिवाळी अंकात नाटकांचे, कादंबऱ्यांचे, फार तर चित्रपटांचे परीक्षण यावे. मोबाइल फोनवरच्या खेळांचे परीक्षण करायला निघालेला हा गृहस्थ कोण, असे वाचक विचारतील. त्यांना मी एवढेच सांगेन, की ज्या गोष्टीपुढे घरातली तीन पिढ्यांची माणसे आळीपाळीने मान खाली घालून बसली, तिच्याविषयी टीकाकाराने मौन पाळण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय माझ्यापुढे एक कोडे आहे, आणि ते मला बरीच वर्षे छळत आले आहे.

कोडे २००६ सालच्या दिवाळीतले. आमचे घर जळगावात मेहरूणला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. माझा धाकटा भाऊ शिरसोलीच्या वाटेवरची केळी पाहतो. हा भाऊ तरुणपणी पुण्यास शिकायला होता, आणि तेथल्या एका व्हिडिओ पार्लरमधल्या 'पॅकमॅन'ने त्याला असे झपाटले होते, की वडिलांच्या मनीऑर्डरीतला बराच भाग टोकनांत जाई. घरात हा विषय निघाला की अजूनही हशा होतो. त्या पाडव्याला मी त्याला रंगीत पडद्याचा फोन दिला. त्यात खास विचारून 'पॅकमॅन' घालून घेतला होता. तो दहा मिनिटे खेळला. मग फोन माझ्या हाती देऊन म्हणाला, "दादा, दिसायला तसाच आहे, पण हा तो नव्हे." रात्री मोटार चालू करायला तो शेतावर गेला, तेव्हा त्याच्या खिशात जुनाच नोकिया ११०० होता, आणि वीज येईपर्यंत त्याच्यावर तो साप खेळत बसला. मला हे थोडे लागले, हे कबूल करतो. हुबेहूब रूप असलेला खेळ परका वाटावा आणि चार ठिपक्यांचा साप आपला वाटावा, हे काय?

मूळ 'पॅकमॅन' १९८० साली जपानात झाला. तोरू इवातानी यांनी नामको कंपनीसाठी तो रचला. पिवळा, तोंड उघडझाप करणारा गोळा चक्रव्यूहातले ठिपके खात फिरतो आणि चार भुते त्याचा पाठलाग करतात, एवढेच वरवर दिसते. पण त्या भुतांना स्वभाव आहेत. तांबडे थेट मागे लागते. गुलाबी मागे लागत नाही. गोळा ज्या दिशेने चालला असेल तिच्या पुढची जागा हेरून वाट अडवते. आकाशी भुताची चाल गोळ्याबरोबरच तांबड्या भुताच्या जागेवरही अवलंबून असते. नारिंगी जवळ येते आणि ऐन वेळी बिचकून आपल्या कोपऱ्याकडे पळते. एखाद्या चांगल्या नाटकातल्या चार पात्रांत असावा तसा हा विरोध आहे, आणि त्याचा प्रत्यय यायचा तर चौघेही एकाच वेळी रंगमंचावर दिसली पाहिजेत. म्हणून मूळ यंत्राचा पडदा उभा होता, २२४ ठिपके रुंद आणि २८८ उंच. सारा व्यूह एका नजरेत येई.

त्या काळच्या पुष्कळ रंगीत फोनांचा पडदा १२८ ठिपके रुंद आणि तितकाच उंच होता. रूपांतरकारापुढे दोनच वाटा उरल्या. एक तर सारा व्यूह आक्रसून टाकायचा, म्हणजे भुते मुगाच्या दाण्याएवढी होतात. नाही तर व्यूहाचा तुकडा दाखवून गोळ्याबरोबर पडदा सरकवायचा. माझ्या भावाच्या फोनात दुसरी वाट घेतली होती. चित्र ठसठशीत राहिले खरे. पण गुलाबी भूत पडद्याबाहेर दबा धरून बसले, आणि एकदम अंगावर आले. मुळात जी योजना होती, ती येथे अपघात झाली.

याहून मोठा घोटाळा हाताचा. पार्लरमधल्या यंत्राला एक दांडी असे. वळण येण्याच्या जरा आधीच ती वळवून ठेवली, तर गोळा कोपरा कापून जाई आणि भुतांवर तेवढी आघाडी मिळवी. मुरलेला खेळाडू जिंकत असे तो या कोपऱ्यांच्या बळावर. फोनवर दांडीच्या जागी आकड्यांची बटणे आली: दोन म्हणजे वर, आठ म्हणजे खाली, चार डावीकडे, सहा उजवीकडे. अंगठा चारवरून दोनवर उचलून ठेवेपर्यंत वळण निघून जाते. माझ्या भावाचे मनगट वीस वर्षांपूर्वीचे सारे लक्षात ठेवून होते. त्याला तिथे कामच उरले नाही.

'स्पेस इन्व्हेडर्स'चीही गत तीच. तोमोहिरो निशिकादो यांचा हा १९७८ सालचा खेळ. त्यात पडद्यावर आपली एका वेळी एकच गोळी असते; नेम चुकला तर ती नाहीशी होईपर्यंत दुसरी सुटत नाही. म्हणजे गोळी झाडणे हा निर्णय आहे. वरची पंचावन्न शत्रूंची फौज जसजशी कमी होते, तसतशी उरलेल्यांची चाल वाढते. कारण कमी आकृत्या काढायच्या असल्या की त्या यंत्राला काम हलके होई. ही यंत्राची उणीव निशिकादो यांनी ठेवून दिली, आणि तीच खेळाची लय झाली. उणिवेतून लय काढणारा हा माणूस मला फार मोठा कलावंत वाटतो. आता बऱ्याच फोनांना दोन बटणे एकदम दाबलेली कळत नसत. सरकायचे आणि झाडायचे कसे? मग कोणी गोळ्या आपोआप सुटतील अशी सोय केली. सोय झाली, निर्णय गेला.

जागा अपुरी होती, ही सबब मला पुरती पटत नाही. मूळ 'पॅकमॅन'चा सारा कार्यक्रम १६ किलोबाइटांत मावत असे, आणि कित्येक फोनांवर खेळाला ६४ किलोबाइटांची मुभा होती. मात्र या कारागिरांना नुसता दोष देणेही सोपे. विशाल गोंदल यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या इंडियागेम्ससारख्या मुंबईतल्या कंपन्या फोनांसाठी खेळ करीत होत्या; या धंद्यात एकच खेळ डझनावारी फोनांसाठी, दर वेळी नव्या पडद्याच्या मापाने पुन्हा बेतावा लागे. दिवाळीत एकाच कापडातून साऱ्या गल्लीचे सदरे शिवणाऱ्या शिंप्याकडून प्रत्येकाच्या खांद्याचे माप कोण मागणार?

आणि साप? त्याचे कूळही पार्लरचेच. १९७६ साली ग्रेमलिन कंपनीने 'ब्लॉकेड' नावाचा खेळ काढला. दोघांनी आपापल्या मागे भिंत वाढवीत जायचे आणि आपटायचे नाही. १९९७ साली फिनलंडमध्ये तानेली आर्मांतो यांनी नोकिया ६११० साठी साप लिहिला, तेव्हा त्यांनी या कुळातले हाडच तेवढे घेतले. साप आपण होऊन चालतो. आपण फक्त वळवायचे. एका वेळी एक बटण पुरते. सारे मैदान पडद्यावर मावते. आणि एक बारीकशी माया त्यांनी त्यात घातली: भिंतीवर आपटण्याच्या आधी साप निमिषभर थांबतो, म्हणजे उशिरा वळणाऱ्या अंगठ्याला तेवढा अवधी मिळतो. 'पॅकमॅन'चे कोपरे फोनवर हरवले, पण अंगठ्याला दिलेली सवलत इथे सापडली.

गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केले, तेव्हा त्यांनी मराठी नटाच्या तोंडात बसेल आणि मराठी प्रेक्षकाच्या कानात शिरेल तेच ठेवले. व्हेनिस गेले, मत्सर राहिला. आर्मांतो यांनी अंगठा ओळखला. 'पॅकमॅन' फोनवर आणणाऱ्यांनी व्हेनिसचा एकेक दगड आणला. माझ्या भावाला हे शब्दांत सांगता आले नसते. त्याच्या हाताने दहा मिनिटांत सांगितले.

एवढे लिहून मी लेखणी ठेवणार होतो, पण पुतणीची साक्ष द्यायला हवी, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. बापाने टाकलेला तो फोन तिने उचलला आणि पुढची दोन वर्षे त्याच 'पॅकमॅन'वर काढली. तिने पार्लरचे यंत्र कधी पाहिले नव्हते. तिला तो खेळ अपुरा वाटण्याचे कारणच नव्हते. बोरांच्या दिवसांत एका हातात मेहरूणची बोरे आणि दुसऱ्या हातात फोन, असे तिचे ध्यान मला अजून दिसते. अपुऱ्या रूपांतरावरही असे प्रेम करता येते, आणि ते खोटे आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

गेल्या दिवाळीत ती माहेरी आली असताना मी तिला चार भुतांचे स्वभाव समजावून सांगितले. ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "मोठेबाबा, म्हणजे ती गुलाबी मुद्दाम पुढे जाऊन उभी राहायची? मला वाटायचं, माझं नशीबच वाईट."