‘शेतकऱ्याचा असूड’ : करांविषयींची एक फिर्याद

जोतीराव फुले यांचें ‘शेतकऱ्याचा असूड’ हें पुस्तक १८८३ सालचें. आमच्या सुशिक्षित घरांतून त्याचें नांव आदरानें घेतात. वाचतात मात्र क्वचित्, आणि वाचलेंच तर भटशाहीवरील प्रहार म्हणून बाजूस ठेवतात. आमच्या मतें तें मुळांत करांविषयींचें पुस्तक आहे. सारा, लोकल फंड, जकात, मिठावरील कर, हा सारा पैसा कोणाच्या घामांतून निघतो आणि कोणाच्या पगार-पेनशनींत मुरतो, हें जोतीराव पुनःपुन्हां विचारतात.

वर्गांत आम्हीं पुष्कळ वर्षें बोस्टनच्या चहाची कथा रंगवून सांगितली. १७७३ त तेथें चहा महाग झाला नव्हता, उलट स्वस्त व्हावयाचा होता. भांडण होतें तें हक्काचें. ज्या पार्लमेंटांत आपला मनुष्य नाहीं, त्यानें आपणांवर कर बसवूं नये! या मापानें जोतीराव उणे भरतात. ते राणीसरकारचा अधिकार नाकारीत नाहींत. त्याच दूरच्या सरकारकडे दाद मागतात. ही आशा भोळी होती, असेंच आम्ही म्हणूं. परंतु ‘आपला मनुष्य’ म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न जोतीराव ज्या तिखटपणें विचारतात, तसा बोस्टनच्या सभांतून ऐकूं येत नाहीं. वकिलानें व कारकुनानें कुणब्याच्या नांवें अर्ज लिहिला, म्हणजे कुणबी बोलला असें होतें काय?

तिसऱ्या प्रकरणांतील आर्यांच्या स्वारीची हकीकत लांबली आहे, व इतिहास म्हणून ती आज टिकणार नाहीं. पण चौथें प्रकरण पाहावें. कलेक्टराच्या तंबूकडून हताश होऊन आलेला शेतकरी झाडाखालीं पडून स्वतःशींच पुटपुटत आहे. कुळकर्ण्याचें मन राखतां आलें नाहीं, सारा वाढला, दाद लागली नाहीं. येथें निबंध थांबतो आणि माणूस बोलूं लागतो. दादाभाईंचे आकडे आम्हांस पटतात. हा कुणबी झोंप उडवितो. ‘दीनबंधु’ हें तर स्नेह्याचें पत्र. त्यानेंहि आरंभींचीं प्रकरणें छापून हात आंखडला.

जंगलखात्यानें गुरांचें रान बळकाविल्याची त्यांची तक्रार विदर्भाला तरी परकी वाटूं नये. आमच्या या भागास समुद्र नाहीं. म्हणून १९३० त येथील कायदेभंगास मिठाऐवजीं गवत सांपडलें, आणि १० जुलै रोजीं पुसद येथें लोकनायक अणे यांनीं जंगलचा कायदा मोडला. त्याची कैफियत ४७ वर्षें आधींच लिहून ठेविलेली होती.

आम्ही बेसा येथें राहतों. आमच्या घराखालीं पूर्वीं शेत होतें. बोस्टन शिकविलें, असूड शिकविला नाहीं, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. साहित्य आणि संस्कृति मंडळाच्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथांत तो मिळतो. वाचकांनीं प्रारंभ चौथ्या प्रकरणापासून करावा, आणि घरांत मोठ्यानें वाचावा.