हातखंब्याचे आठ सेकंद

गणपतीला मुंबईहून निघालेल्या कुठल्याही चाकरमान्याचा प्रवासाचा व्हिडिओ लावा. पनवेलला वडापाव, कशेडीचा बोगदा, चिपळूणला चहा आणि तिठा आला की मोबाईल पुन्हा तोंडासमोर: ‘तर मित्रांनो, आपण हातखंब्याला पोचलोय!’ सरळ गेलं की पाली-लांजा, उजवीकडे वळलं की रत्नागिरी. एवढं सांगून गाडी वळते. आमच्या हातखंब्याच्या वाट्याला आठ सेकंद, त्यातही निम्मे चौपदरीकरणाच्या धुळीचे. असे पुष्कळ आठ सेकंद पाहून माझं एक मत झालंय. कोकणातल्या व्लॉगरला पोचायची फार घाई असते. पोचल्यावर तिथल्या माणसाला बोलू द्यावं, हे मोजक्यांनाच सुचतं.

ही लाट का उसळली ते सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. 2020 च्या टाळेबंदीत मुंबईची पोरं महिनोन् महिने गावी राहिली आणि चढणीचे मासे, रात्रीच्या कुर्ल्या, भातलावणी असं जे समोर दिसेल ते मोबाईलात आलं. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि उभे व्हिडिओ करणारे यूट्यूब-इन्स्टाग्रामकडे वळले. गाव सुटलेल्याला गावची खिडकी मिळाली. यात वाईट काहीच नाही. मीही परगावी असताना आमच्या भागातल्या शिमग्याची पालखी अशीच फोनवर पाहिली आहे, आणि डोळे पुसलेत.

पण कला म्हटली की घाट आला, आणि इथला घाट बराचसा हिशेबाने ठरतो. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं (छोट्या उभ्या व्हिडिओंचं गणित वेगळं). शिवाय व्हिडिओ आठ मिनिटांचा असला तर मध्येही जाहिरात टाकता येते. म्हणून इतके व्हिडिओ आठ मिनिटांची वेस ओलांडून लगेच संपतात! ऐवज चार मिनिटांचा असतो. उरलेल्यात सुरुवातीची झलक, ड्रोनने दाखवलेली कौलं, सबस्क्राईब करा, घंटी दाबा. नमनाला घडाभर तेल हे आपल्याकडे नवं नाही. आमच्या नमन-खेळ्यांतही मृदुंग, गण, गवळण होऊन वग उभा राहीपर्यंत रात्र चढते. मात्र तिथे मृदुंगवाला वेळ काढत नसतो, रंग चढवत असतो.

मला जास्त टोचतो तो आवाज. कोकणचा पावसाळा अर्धा कानांनी कळतो: पत्र्यावरचा पाऊस, बेडूक, वहाळाचा लोंढा. तो पुसून त्यावर फुकट मिळणारी बासरी चिकटवतात. हे न करण्यातली ताकद ‘रेड सॉईल स्टोरीज’ने दाखवली. दोडामार्ग तालुक्यातल्या सासोलीत शिरीष आणि पूजा गवस चूल पेटवत, भाजी चिरत, आणि फार बोलत नसत. विळीचा आवाजच पुरे व्हायचा. 2025 मध्ये शिरीष गेले. त्यांच्यामागून तशा चुली पुष्कळांनी मांडल्या, ती शांतता मात्र क्वचित कुणाला साधली. दुसरं टोक ‘कोकणी रानमाणूस’ प्रसाद गावडे यांचं. ते भरपूर बोलतात, पण देवराई, नदी, खाणी यांवर बोलतात, आणि समोरच्या म्हाताऱ्यालाही बोलू देतात.

ही दोन्ही नावं सिंधुदुर्गातली, हा योगायोग नसावा. मालवणीला स्वतःच्या जोरावर उभं राहायची सवय आहे. दशावतारातला संकासूर प्रेक्षकांशी थेट मालवणीत बोलायचा. 1980 मध्ये आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून ती मुंबईच्या रंगमंचावर गाजवली. अंकिता वालावलकर फोनवरच्या व्हिडिओंत मालवणी हेल काढत 2024 च्या ‘बिग बॉस मराठी’पर्यंत गेली, ती याच वाटेने. आमच्या संगमेश्वरी बोलीला असा वस्त्रहरणी धक्का मिळाला नाही. त्यामुळे रत्नागिरीकडचा व्लॉगर फोन सुरू केला की पुस्तकी मराठीत शिरतो, आणि आईने ‘कवा आलास रं?’ विचारलं की दोन सेकंद स्वतःचा होतो. मी तेवढ्यासाठी बघतो.

गेल्या जुलैत शेजारच्या पोराने लावणीचा व्हिडिओ केला. फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलेलं. इरलं घेतलेली आजी वाकून रोपं खोचत होती. हा ‘तर मित्रांनो’ म्हणून बोलायला लागला, तशी ती न वळताच ओरडली, ‘मित्र ऱ्हाऊदेत, आदी मुठी आन हिकडं!’ बांधावरचे सगळे हसले; हाही हसला, फोन हलला, चित्रात नुसता चिखल. व्हिडिओतला तो सगळ्यात जिवंत तुकडा होता. रात्री त्याने मला तयार झालेला व्हिडिओ दाखवला तेव्हा तो तुकडा गायब.

‘ते काढलं,’ म्हणाला. ‘आजी लयच गावठी बोलली.’

त्या जागी बासरी होती. व्हिडिओ भरला आठ मिनिटं चार सेकंद. आजी त्यात तीनदा दिसते.