मेंदूची इजा आणि नुकसानभरपाईचे गणित : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील एका निकालाची चिकित्सा

बीजसंज्ञा : मोटार अपघात दावा, मेंदूची इजा, कार्यात्मक अपंगत्व, गुणक पद्धती, परिचर्या, विधी साहाय्य

प्रस्तावना

अपघातात हात किंवा पाय गमावलेल्या व्यक्तीची हानी न्यायालयाला डोळ्यांनी दिसते. मेंदूला इजा झालेल्या व्यक्तीचे तसे नसते. जखम भरते, टाके निघतात, रुग्ण चालूबोलू लागतो. परंतु स्मरणशक्ती, एकाग्रता, संयम व निर्णयक्षमता यांवर झालेला आघात कायम राहतो. शांत स्वभावाचा माणूस चिडखोर होतो, हिशेब ठेवणाऱ्याला दोन आकड्यांची बेरीज जमत नाही. घरातील माणसे ‘हा पूर्वीचा राहिला नाही’ एवढेच सांगू शकतात. हे वाक्य पुराव्याच्या भाषेत कसे मांडावे आणि रुपयांत त्याचे मोल कसे करावे, हा भारतीय अपघात-भरपाई कायद्यापुढील एक अवघड प्रश्न आहे. या प्रश्नाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी दिलेला एक निकाल महत्त्वाचा मानला जातो. त्याचे योगदान व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निकालाची पार्श्वभूमी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ अन्वये अपघातग्रस्त व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. भरपाई ‘न्याय्य’ असावी एवढेच अधिनियम सांगतो. ती कशी मोजावी हे मुख्यतः निकालांतून ठरत गेले. ‘सरला वर्मा’ (२००९) निकालाने वयानुसार गुणकाचा तक्ता दिला. ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ (२०११) या निकालाने वैद्यकीय अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. हात गमावलेला वाहनचालक किंवा सुतार आणि हात गमावलेला कारकून यांची शारीरिक हानी सारखी असली तरी उपजीविकेची हानी सारखी नसते. ‘प्रणय सेठी’ (२०१७) निकालाने भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी निश्चित केली.

या चौकटीत २०२० चे प्रकरण आले. ऑक्टोबर २००७ मध्ये आई-वडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात असलेली बारा वर्षांची मुलगी ट्रकच्या धडकेत जखमी झाली. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील तपासणीत तिचे सामाजिक वय अवघ्या नऊ महिन्यांच्या बालकाएवढे असल्याचे नोंदवले गेले. चारही अवयवांत दुर्बलता होती, मूत्रविसर्जनावर नियंत्रण नव्हते. अपंगत्व शंभर टक्के ठरले. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख रुपये दिले, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती रक्कम सुमारे २५ लाख ७८ हजारांवर नेली. न्या. एल. नागेश्वर राव व न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने ती ६२ लाख २७ हजार रुपये केली.

निकालाचे योगदान

या निकालाचे मोठेपण केवळ रकमेत नाही. शाळकरी मुलीला उत्पन्न नव्हते म्हणून किरकोळ काल्पनिक रक्कम गृहीत धरण्याची पद्धत न्यायालयाने नाकारली. कुशल कामगाराचे किमान वेतन, म्हणजे दरमहा ४,८४६ रुपये, हा आधार मानून त्यात भावी वाढीसाठी चाळीस टक्के मिळवले आणि १८ चा गुणक लावला. मूल मोठे होऊन काहीतरी कौशल्य मिळवील, ही साधी अपेक्षा त्यामुळे कायद्याच्या हिशेबात आली.

दुसरे योगदान परिचर्येबाबत आहे. उच्च न्यायालयाने परिचारकाच्या खर्चासाठी दरमहा २,५०० रुपये धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने दोन परिचारकांची गरज मान्य केली, प्रत्येकी ५,००० रुपये दरमहा धरले आणि येथेही गुणक पद्धतीचा अवलंब करून २१ लाख ६० हजार रुपये दिले. वेदना व जीवनातील सुखसोयींचा लोप या शीर्षकाखाली १५ लाख, भावी उपचारांसाठी ५ लाख आणि विवाहाची संधी गमावल्याबद्दल ३ लाख मंजूर झाले. मेंदूच्या इजेत सर्वांत मोठा खर्च शस्त्रक्रियेचा नसून रोजच्या सांभाळाचा असतो, हे या विभागणीतून अधोरेखित होते.

निकालाच्या मर्यादा

तथापि, निकालाचे अंकगणित बारकाईने पाहिल्यास एक विसंगती आढळते. मुलीच्या संभाव्य उत्पन्नात चाळीस टक्के वाढ धरली गेली; परिचारकाच्या वेतनात मात्र कोणतीही वाढ धरली गेली नाही. किमान वेतन वाढत जाते हे एका ठिकाणी मान्य केले, तर तेच वेतन घेऊन काम करणाऱ्या परिचारकाच्या बाबतीत ते अमान्य करण्यास तर्कसंगत कारण दिसत नाही. हीच चाळीस टक्के वाढ परिचर्येला लावली असती तर ती रक्कम ३० लाख २४ हजार झाली असती. म्हणजे कुटुंबाला ८ लाख ६४ हजार रुपये अधिक मिळाले असते. दोन परिचारकांनी बारा-बारा तासांची पाळी केली असे मानल्यास ५,००० रुपयांत तासाला चौदा रुपयेही पडत नाहीत. या दरात बाहेरचा माणूस मिळणे कठीण. अंतिमतः ते काम आईच करणार.

येथे दुसरी मर्यादा पुढे येते. दीर्घकालीन परिचर्या करणारी आई, पत्नी किंवा बहीण आपला रोजगार सोडते, स्वतःचे आरोग्य गमावते. गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ठामपणे सांगितले. परंतु ते निकाल गृहिणीच्या मृत्यूच्या संदर्भातील होते. जिवंत राहून दुसऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीच्या गमावलेल्या आयुष्यासाठी भरपाईचे स्वतंत्र शीर्षक रुजलेले नाही.

तिसरी मर्यादा कायद्याच्या रचनेतच आहे. अंतिम निवाड्यानंतर नव्याने भरपाई देण्याची तरतूद अधिनियमात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले होते. मेंदूच्या इजेचे परिणाम मात्र कालांतराने उलगडतात. उशिरा सुरू होणारे झटके किंवा मूल शाळेत जाऊ लागल्यावर ध्यानात येणारी बौद्धिक उणीव निवाड्याच्या दिवशी दिसतेच असे नाही. एकरकमी भरपाई म्हणजे एका दिवसाच्या माहितीवर संपूर्ण आयुष्याचा अंदाज बांधणे होय.

पुरावा, पालकत्व आणि विधी साहाय्य

वरील प्रकरणात शंभर टक्के अपंगत्व निर्विवाद होते. मध्यम स्वरूपाच्या इजेत कुटुंबाची खरी कसोटी लागते. अपघातानंतरच्या शुद्धीची पातळी मोजणारी, १९७४ पासून वापरात असलेली १५ गुणांची ‘ग्लासगो कोमा’ श्रेणी तातडीच्या उपचारांसाठी उपयुक्त आहे. परंतु तीन वर्षांनी रुग्ण नोकरी टिकवू शकेल काय, हे ती सांगत नाही. त्यासाठी मज्जामानसशास्त्रीय चाचण्या, मालकाची साक्ष व कुटुंबीयांची सविस्तर जबानी आवश्यक असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टातही मेंदूच्या आघाताचा स्वतंत्र उल्लेख नाही. रुग्णाला बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार अशा अन्य प्रवर्गांत बसवावे लागते.

बेशुद्धावस्थेतील प्रौढ रुग्णाचे बँक खाते चालवण्याचा, मालमत्ता विकून उपचार करण्याचा अधिकार पत्नीला आपोआप मिळत नाही. यासाठी स्पष्ट कायदा नसल्याने केरळ उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली. म्हणजे भरपाई मंजूर झाली तरी ती वापरण्यासाठी कुटुंबाला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके व दिव्यांग व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही तरतूद मोलाची असली तरी वकील मिळणे आणि मेंदूच्या इजेचा पुरावा उभा करू शकणारा वकील मिळणे यांत अंतर आहे. लोकअदालतीत तडजोड करताना तर हे अंतर अधिक जाणवते. घरात पैशाची निकड असते आणि पुढील तीस वर्षांच्या परिचर्येचा हिशेब कोणी मांडलेला नसतो. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या रोकडविरहित उपचार योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे संरक्षण आहे. त्याने जीव वाचण्यास मदत होईल. आठव्या दिवसापासूनचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

निष्कर्ष

२०२० च्या निकालाने मेंदूच्या इजेला भरपाईच्या हिशेबात योग्य वजन दिले, हे निःसंशय. परंतु त्याच निकालाच्या तर्काने पुढे जायचे तर परिचर्येच्या खर्चातही भावी वाढ धरली पाहिजे, गंभीर प्रकरणांत ठरावीक काळाने पुनर्विलोकनाची वैधानिक सोय हवी आणि कुटुंबातील परिचारिकेच्या हानीला स्वतंत्र स्थान मिळायला हवे. विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रे, मानसशास्त्र व समाजकार्य विभाग यांनी एकत्र येऊन कुटुंबांना परिचर्येची दैनंदिन नोंद ठेवण्यास शिकवले, तरी पुराव्याची मोठी उणीव भरून निघेल. सदर प्रकरणात अपघात आणि अंतिम निकाल यांत बारा वर्षांहून अधिक काळ गेला. निकाल लागला तेव्हा ती मुलगी वयाने प्रौढ झाली होती. तिला सांभाळणारे हात मात्र तेवढ्याच वर्षांनी थकले होते. त्या हातांचा हिशेब कायद्याने अद्याप पूर्णपणे मांडलेला नाही.