काडीची किंमत

मराठीत काडीला किंमत नाही. स्पॅनिशमध्ये काडी हलली की बापाचा बटाटा होतो! ‘पापा’ या शब्दात शेवटच्या ‘पा’वर जोर दिला की वडील, पहिल्यावर दिला की पोप, आणि लॅटिन अमेरिकेत चक्क बटाटा. घोटाळा नको म्हणून वडिलांच्या शेवटच्या स्वरावर एक तिरपी काडी देतात. पोप आणि बटाटा बोडकेच.

ही काडी कोणाला द्यायची, याचा मुख्य कायदा पोस्टकार्डावर मावेल. शब्द स्वरात, ‘न’त किंवा ‘स’त संपला तर आघात उपान्त्य अक्षरावर, एरवी शेवटच्या अक्षरावर. कायदा मोडणाऱ्याच्या डोक्यावर काडी. ‘उपान्त्य’ म्हटल्यावर ज्यांना शुद्धलेखनाचा तास आठवून घाम फुटला, त्यांनी तो पुसावा. आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घ चुकले तर फार तर मार्क जातात. तिथे ‘तेर्मिनो’ घ्या : जोर पहिल्या अक्षरावर तर ‘मुदत’, दुसऱ्यावर तर ‘मी संपवतो’, तिसऱ्यावर तर ‘त्याने संपवले’. एखाद्या सरकारी पुलाची सगळी हकिगत एका शब्दात!

अक्षरे तोडतानाही अर्थाची भीडभाड नाही. न्याहारीला म्हणतात ‘देसायुनो’. ‘आयुनो’ म्हणजे उपास, ‘देस’ म्हणजे तो मोडणे. पण तोंडाला व्युत्पत्तीशी काय कर्तव्य? ते ‘दे-सा-यु-नो’ असे तोडते. उपासाआधी शब्दच मोडते. आघात मोजायचा तो या तुकड्यांवर, अर्थावर नव्हे.

याच न्यायाने, १७१३ साली स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीने २०१० साली ‘सोलो’ या शब्दाला काडीमोड दिला. ‘सोलो’ म्हणजे एकटा, आणि ‘सोलो’ म्हणजे फक्त. गोंधळ टाळायला ‘फक्त’वर काडी देण्याची वहिवाट होती. अकादमी म्हणाली, दोन्हींत आघात एकाच जागी, तोही कायदेशीर. अर्थ संदर्भाने कळेल. तर्क बिनतोड. पण ‘त्राबाखो सोलो लोस दोमिंगोस’ म्हणणारा माणूस रविवारी एकटा काम करतो, की फक्त रविवारीच काम करतो? पहिल्याची कीव यावी, दुसऱ्याचा हेवा वाटावा. त्याला भेटल्यावर सांत्वन करायचे की अभिनंदन?

कित्येक लेखकांनी काडी सोडलीच नाही. शेवटी २०२३ साली अकादमीने तडजोड केली : लिहिणाऱ्याला वाक्य संदिग्ध वाटले, तर त्याने खुशाल काडी द्यावी.

माझी तक्रार इथेच आहे. लिहिणाऱ्याला आपले वाक्य कधी संदिग्ध वाटते का हो? आपण एकटे आहोत की रविवारपुरतेच कामसू, हे त्याला पक्के ठाऊक असते. गोंधळतो तो वाचणारा. कधी न ऐकलेला शब्दही परक्या माणसाला नीट उच्चारता यावा, म्हणून बाकीच्या बहुतेक काड्या. ही मात्र लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ती काडी काठावर उभ्या असलेल्याच्या हातात देऊन काय उपयोग?