'पडीक' हा कुणाचा शब्द?

कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढताना दोन तऱ्हेचे रान लागते. एकीकडे गिरिपुष्पाची दाटी. तिच्याखाली फारसे काही उगवत नाही. दुसरीकडे खडकाळ माळ व त्यावर कुसळी. पहिल्याला लोक जंगल म्हणतात, दुसऱ्याला पडीक. गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतले झाड. ते झपाट्याने वाढते, गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून वनीकरणात ते लावले गेले. हिरवे दिसले की काम झाले, अशी ती अभिरुची होती.

२०२५ साली आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांच्या अभ्यासाने या अभिरुचीचा पायाच काढून घेतला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, संतचरित्रे, लोकगीते यांतील ४४ रानवनस्पतींचे उल्लेख त्यांनी तपासले. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश उघड्या गवताळ रानातल्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला माळ हा तोडलेल्या जंगलाचा अवशेष नव्हे. तो किमान ७५० वर्षे माळच आहे. पंढरपूरला कान्होपात्रेच्या नावाने पुजली जाणारी तरटीही अशाच काटेरी रानातली. तेव्हा पुनरुज्जीवन म्हणजे जागोजाग खड्डे खणणे नव्हे. गिरिपुष्प विरळ करावे, गवताचे बी पडू द्यावे, माळाला माळ राहू द्यावे.

या अभ्यासाचे मी स्वागत करतो. माझा प्रश्न मात्र त्याच्या पुढचा आहे. माझी आजी गवताचे भारे विकीत असे. कुसळी, पवन्या, मारवेल ती नुसत्या स्पर्शाने ओळखी. तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते अशाच 'पडीक' जमिनींसाठी. १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ज्या शब्दाने माळाचा घात केला, त्याच शब्दाच्या फटीतून आमच्या माणसांना भाकरीपुरती जमीन दिसली, हे विसरता येत नाही. २०२२ साली गायराने मोकळी करण्याच्या नोटिसा निघाल्या. उद्या त्याच गायरानाला 'दुर्मिळ गवताळ प्रदेश' म्हटले, तर पुढची नोटीस कुणाच्या हाती पडेल? टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्याच्या नक्कीच नाही.

आपल्या लेखकांनीही सावध राहावे. देशी ते शुद्ध, परके ते भ्रष्ट, ही भाषा झाडांपुरतीही जपून वापरावी. ती माणसांना लावली की काय होते, हे विटाळ सोसलेल्यांना कुणी शिकवायला नको.

माळ राखला पाहिजे, याविषयी मला शंका नाही. पण गवत कापण्याचा हक्क, चराईचा निर्णय, राखणीची मजुरी आणि कसणाऱ्याचा पट्टा या गोष्टी आराखड्याच्या पहिल्या पानावर आल्या पाहिजेत. आजीचे ज्ञान आत घ्यायचे आणि आजीला कुंपणाबाहेर ठेवायचे, तर तेही गावकूसच ठरेल.