मनीचा भाऊ
एकसारखी नसलेली जुळी दोन स्वतंत्र स्त्रीबीजांपासून होतात. त्यांचं जनुकीय साम्य कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकंच, सरासरी निम्मं. म्हणजे त्यांचा जिव्हाळा एकत्र वाढण्यातूनच येत असावा. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तली (१९६३) पांडुरंग आणि मनी ही खानदेशातल्या सांगवीची भावंडं तर जुळीही नाहीत, मनी धाकटी. तरी ती देवीच्या साथीत जाते तेव्हा हा भाऊ अर्धाच उरतो. या कादंबरीची चर्चा बहुधा अस्तित्ववाद आणि बापाशी भांडण यांभोवतीच फिरते. पण सगळ्याची टर उडवणाऱ्या पांडुरंगाला मनीच्या मरणाची टर उडवता येत नाही. म्हणून 'कोसला' वाचताना मनीपाशी थांबावं. पांडुरंगाचं तुटलेपण कशापासूनचं आहे, ते तिथे कळतं.