‘डार्क स्टार’ : एक नाव, अनेक अर्थ

‘डार्क स्टार’ या इंग्रजी संज्ञेला ‘कृष्णतारा’ असा प्रतिशब्द देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु या एका नावाखाली परस्परांशी फारसे नाते नसलेल्या वस्तू नांदत आल्या आहेत. ‘प्रकाश न देणारा तारा’ अशा एकाच व्याख्येत त्या कोंबल्या की अर्थाचा गोंधळ सुरू होतो.

१७८३ साली थॉर्नहिल या इंग्लंडमधील गावचे धर्मगुरू जॉन मिशेल यांनी रॉयल सोसायटीसाठी एक निबंध लिहिला. (ते अँग्लिकन होते. धर्मग्रामाचा कारभार सांभाळून त्यांनी एवढे गणित केले, याचा आम्हां धर्मगुरूंना हेवा वाटावा!) सूर्याइतक्याच घनतेचा, पण त्याच्या पाचशेपट व्यासाचा तारा असेल, तर त्याचा प्रकाश गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्याकडेच परत वळेल, असे त्यांनी मांडले. या कल्पनेला पुढे ‘डार्क स्टार’ हे नाव चिकटले. येथे वाचकाने थांबावे. मिशेल यांचा तारा प्रकाश देतो. वर फेकलेल्या दगडाप्रमाणे तो प्रकाश माघारी येतो, इतकेच. म्हणून कोशातील व्याख्या त्याला लागू पडत नाही. त्याला ‘कृष्णविवर’ म्हणणेही मला मान्य नाही. ती आइन्स्टाइननंतरची कल्पना. मिशेल यांच्या मनात विवर नव्हते, रीतसर पृष्ठभाग असलेला तारा होता.

व्याधाची गोष्ट निराळी. त्याच्या डुलत्या गतीवरून बेसेल यांनी १८४४ मध्ये एका अदृश्य सोबत्याचे अनुमान केले. १८६२ मध्ये अल्वन ग्रॅहम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. आज तो श्वेतबटू म्हणून ओळखला जातो आणि त्याचा पृष्ठभाग खुद्द व्याधाहून तप्त आहे! काळोख दुर्बिणीच्या मर्यादेचा होता, ताऱ्याचा नव्हे. येथे ‘अदृश्य सोबती’ हाच नेमका शब्द.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सिद्धान्तात हेच नाव पुन्हा आले, तेही कृष्णद्रव्याच्या ऊर्जेवर चालणाऱ्या आद्य ताऱ्यांसाठी. त्यांचे अस्तित्व अद्याप सिद्ध झालेले नाही. असलेच तर ते झगझगीत असतील. इंधनावरून केलेले हे नामकरण मला तरी दिशाभूल करणारे वाटते.

मग त्या व्याख्येला तंतोतंत उतरणारा तारा कोणता? पूर्ण थंड झालेला श्वेतबटू, म्हणजे कृष्णबटू. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. एकही कृष्णबटू तयार होण्यास तेवढा काळ पुरेसा नाही.